अजिंठ्याच्या अंधारात

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. परत आल्यावर मुलांनी काढलेली छायाचित्रे एकत्र पाहण्याचा कार्यक्रम आम्ही वर्गात ठेवला. छायाचित्रे शेकड्यांनी होती. कारण अलीकडे बहुतेक घरांत मोबाइल असतो आणि त्यावर छायाचित्र काढावयास पैसे पडत नाहीत. परंतु ती पाहता पाहता वर्गाचा उत्साह मावळू लागला. एकामागून एक तोच प्रकार! पुढे चार मित्रांचे पांढरेफटक चेहरे आणि मागे काळाकुट्ट पडदा. लेण्यात दिवा लावण्यास मनाई असूनही, पहारेकरी ताकीद देण्यापूर्वीच कोणाच्या तरी मोबाइलचा झोत लखकन चमकून गेला होता. त्या काळ्या पडद्यामागे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची जगद्विख्यात चित्रे होती, हे सांगितल्यावाचून कोणास कळले नसते.

एका मुलीने मात्र साऱ्या दिवसात अकराच छायाचित्रे काढली होती. त्यांतले सातवे पडद्यावर आले आणि वर्ग एकदम स्तब्ध झाला. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व! किंचित कललेली मान, खाली वळलेले डोळे, हातातील नीलकमळ, गळ्यातील मोत्यांची माळ, सारे काही मंद तपकिरी उजेडात उगवून आल्यासारखे दिसत होते.

"गुरुजी, हिचा मोबाइल महागाचा असणार!" एक विद्यार्थी म्हणाला.

परंतु तिच्याजवळ होता तो तिच्या वडिलांचा जुना मोबाइल. तिला विचारले तेव्हा ती संकोचून म्हणाली, "मी काही विशेष केले नाही, गुरुजी. आधी नुसती उभी राहिले. पहिल्यांदा काहीच दिसत नव्हते. मग हळूहळू दिसू लागले. तेव्हा काढले."

तिच्या या चार वाक्यांत छायाचित्रणाचे पुष्कळसे शास्त्र सामावलेले आहे. ते थोडे उलगडून पाहू.

भर उन्हातून आपण लेण्यात पाऊल टाकतो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. बाहेरच्या उजेडात आपल्या बुबुळातील बाहुली आकसून बारीक झालेली असते. अंधारात ती काही क्षणांत मोठी होते खरी. पण डोळ्यांच्या आतल्या पडद्याला मंद प्रकाशाची सवय होण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांत बराच फरक पडतो, आणि पुरती सवय व्हावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. सहलीतला मुलांचा घोळका एका लेण्यात सहसा पाच मिनिटेही थांबत नाही. म्हणजे डोळे पाहू लागण्याच्या आधीच आपण बाहेर पडतो! जे आपल्यालाच दिसले नाही, त्याचे छायाचित्र काढावयाचे म्हटले तर ते कसे निघणार?

मोबाइलच्या दिव्याने हा प्रश्न सुटत नाही. आपले अंतर दुप्पट झाले की दिव्याचा उजेड निम्मा होतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो चौथाई होतो. अंतर तिप्पट झाले तर नववा हिस्सा, आणि पाचपट झाले तर पंचविसावा हिस्सा उरतो. आता समजा, तुमचा मित्र तुमच्यापासून एक मीटरवर उभा आहे आणि त्याच्या मागची भिंत पाच मीटरवर आहे. मित्राच्या तोंडावर जेवढा उजेड पडेल त्याच्या पंचविसावा हिस्साच भिंतीवर पोहोचेल. मोबाइलने मित्राचा चेहरा सांभाळावा तर भिंत काळी पडणार, आणि भिंतीसाठी उजेड वाढवावा तर चेहरा चुन्याने सारवल्यासारखा होणार. आमच्या वर्गातील काळ्या पडद्याचे रहस्य ते हेच.

दिव्याचा मोह मलाही एके काळी आवरला नव्हता. मी कॉलेजात होतो तेव्हा उसना कॅमेरा घेऊन अजिंठ्याला गेलो होतो. त्या काळी फिल्मच्या एका गुंडाळीत छत्तीस छायाचित्रे निघत, आणि ती कशी निघाली हे घरी जाऊन गुंडाळी धुतल्याखेरीज कळत नसे. मी घाईघाईने एका भिंतीसमोर उभा राहिलो आणि दिवा चमकविला. जवळच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, तो दिवा बंद कर. आणि जरा थांब. डोळ्यांना सवय होऊ दे," असे म्हणून तो दाराशी गेला आणि त्याने बाहेरच्या उन्हात एक पांढरे कापड असे तिरपे धरले की, उन्हाचा उजेड त्यावरून परावर्तित होऊन अलगद आत आला. भिंतीवरील आकृती एकेक करून जाग्या झाल्या. दिवे नव्हते त्या काळात आरशांनी किंवा पांढऱ्या चादरींनी असा उजेड आत घेण्याची रीत होती. आता काही लेण्यांत सौम्य दिवे बसविले आहेत. पुढे माझी फिल्म धुऊन आली तेव्हा दिवा चमकवून काढलेल्या छायाचित्राच्या मधोमध एक मोठा पांढरा डाग होता. चित्रावरील चकचकीत थराने दिव्याचा झोत जसाच्या तसा मला परत केला होता.

हा चकचकीत थर आला कोठून? ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेसारख्या कड्यात खोदलेली आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास तेथील खोदकामास आरंभ झाला, आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकात त्याचा दुसरा बहराचा काळ आला. पुढे ती ओस पडली. १८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास इलाख्याच्या लष्करातील जॉन स्मिथ नावाच्या एका अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली, आणि मग बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता कळली. या गृहस्थाने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील एका रंगविलेल्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. ते अक्षर आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. कारण त्या वेळी लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता आणि साहेब त्या ढिगावर उभे होते. ऐतिहासिक वास्तूंवर नावे खरडणाऱ्यांना आपण आज दोष देतो, त्यांत या पहिल्या पाहुण्यालाही धरावयास हरकत नाही.

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या सेनाधिकाऱ्याकडे भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम सोपविले. गिल हे कुशल चित्रकार होते. जंगल, उकाडा आणि वटवाघळांची घाण यांत राहून त्यांनी दीर्घ काळ मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला उतरविल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनार्थ मांडण्यात आल्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली आणि तेथे असलेल्या त्यांच्या जवळजवळ साऱ्या नकला जळून गेल्या. साठी ओलांडलेल्या या मनुष्याने तरीही अजिंठ्याचे काम सोडले नाही. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. भुसावळला त्यांची कबर आहे.

याच गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तके १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे मोठा खटाटोप असे. काचेच्या तुकड्यावर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यावयाचे आणि वाळण्याच्या आत जवळच्या अंधाऱ्या तंबूत धुवावयाचे! शिवाय त्या ओल्या काचेत एक मोठी उणीव होती. तिला निळा व जांभळा प्रकाश चटकन कळे. परंतु तांबडा आणि पिवळा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. आणि अजिंठ्याच्या चित्रांत तर गेरूचा तांबडा व पिवळ्या मातीचा पिवळा यांचेच राज्य! त्यामुळे खांब, कमानी व मूर्ती काचेवर सुरेख उमटत. पण भिंतींवरील रंगांचे वैभव तिच्या हाती लागत नसे. कॅमेरा असूनही कुंचल्याची गरज राहिली, ती यामुळे.

म्हणून १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास येऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले. मुंबईचे हे तरुण विद्यार्थी ऋतुमागून ऋतू लेण्यांत बसून चित्रे उतरवीत होते. त्यांच्या नकलाही लंडनला गेल्या, आणि दैवदुर्विलास असा की, १८८५ मध्ये तेथील संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतील बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नकला दोनदा जळाल्या. मूळ चित्रे भिंतीवर राहिली. परंतु त्यांनाही धक्का लागलाच, आणि तो शत्रूंकडून नव्हे. धूळ व धूर यांनी मंदावलेले रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी चित्रांवर रोगण चढविले. पुढे १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत निजामाच्या राज्याने दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून निखळू लागलेली चित्रे पक्की करून घेतली. त्यांनी पुष्कळ चित्रे वाचविली यात शंका नाही. पण वरून दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा पडत गेला आणि तो काढण्याचे जिकिरीचे काम पुढच्या पिढ्यांच्या रसायनशास्त्रज्ञांना करावे लागले. माझ्या छायाचित्रातील पांढरा डाग हा अशाच थराचा प्रसाद असावा. ही सारी माणसे चित्रांवर प्रेम करणारी होती. त्यांना ती अधिक स्पष्ट पाहावयाची होती, एवढाच त्यांचा अपराध.

अजिंठ्याची चित्रे ज्या पायावर उभी आहेत तोही समजून घेतला पाहिजे. खडबडीत कातळावर प्रथम मातीचा गिलावा दिलेला आहे. त्या मातीत भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन तो वाळल्यानंतर खनिज रंगांनी चित्रे रंगविली. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि परदेशातून आलेला निळा लाजवर्द दगड हे त्यांतले मुख्य रंग होत. हे खनिज रंग चिवट असतात. पण त्यांना धरून ठेवणारा सरस आणि गिलाव्यातील तूस-तंतू हे सेंद्रिय पदार्थ असल्याने ओल, उष्णता व कीड यांना ते बळी पडतात. माणसांची गर्दी आत गेली म्हणजे त्यांच्या श्वासाबरोबर ओल आणि उष्णता आत जाते. म्हणूनच महत्त्वाच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. बाहेर थोडे ताटकळावे लागले तर त्याबद्दल कुरकुर करू नये.

प्रकाशाविषयीही असेच सांगता येईल. मोबाइलच्या एका झोताने चित्राचा रंग उडेल असे नव्हे. पण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते, आणि एकदा झालेली हानी भरून काढता येत नाही. पहारेकऱ्याला एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असे म्हणता येत नाही. रोज येणाऱ्या साऱ्या लोकांचा हिशेब त्याला धरावा लागतो. शिवाय अंधाराला सरावलेल्या दुसऱ्या प्रेक्षकांचे डोळे एका झोताने पुन्हा दिपून जातात आणि त्यांची दहा मिनिटे वाया जातात, हे तर आपण पाहिलेच.

मग दिव्यावाचून छायाचित्र काढावयाचे कसे? त्यासाठी थोडे गणित करू. प्रकाश मोजण्याच्या एककाला लक्स म्हणतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. जुनी वस्त्रे, हस्तलिखिते, कागदावरील चित्रे अशा नाजूक वस्तूंवर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे उन्हाच्या मानाने तो २,००० पट कमी झाला. उन्हात जे छायाचित्र सेकंदाच्या ४०० व्या भागात निघते, त्याला तेथे, बाकी सारे तेच ठेवले तर, पाच सेकंद लागतील. पाच सेकंद हात न हलविता मोबाइल धरून पाहा, म्हणजे ही काय परीक्षा आहे ते कळेल!

कॅमेऱ्याजवळ या अडचणीवर तीन उपाय असतात. भिंगाचे छिद्र मोठे करावयाचे, प्रकाश ग्रहण करणाऱ्या पडद्याची संवेदनक्षमता वाढवावयाची, किंवा छिद्र अधिक वेळ उघडे ठेवावयाचे. संवेदनक्षमता फार वाढविली तर छायाचित्रावर वाळू पसरल्यासारखे ठिपके येतात. वेळ वाढविला तर हात हलून सारे पुसट होते. अलीकडच्या मोबाइलमध्ये रात्रीच्या छायाचित्रणाची जी सोय असते, ती एकापाठोपाठ अनेक छायाचित्रे घेऊन त्यांचे एक करते. तिचाही भर शेवटी हात स्थिर असण्यावरच असतो. कॅमेऱ्याची तिपाई न्यावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, आणि विद्यार्थ्याला ती कोठून मिळणार! तेव्हा स्वतःच्या देहाचीच तिपाई करावी. पाय थोडे फाकवून उभे राहावे, दोन्ही कोपरे बरगड्यांशी टेकवावे, अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबावे आणि मग कळ दाबावी. कळ दाबतानाच हात अधिक हलतो; म्हणून दोन सेकंदांनी आपोआप छायाचित्र निघण्याची जी योजना मोबाइलमध्ये असते ती लावून ठेवावी. मात्र आधारासाठी खांबाला किंवा भिंतीला टेकू नये. अजिंठ्याला खांबांवरही चित्रे आहेत, आणि हजारो खांद्यांच्या घर्षणाने कोणतेही चित्र टिकत नाही.

१९९१ च्या सुमारास बिनॉय बहल या छायाचित्रकाराने प्रखर दिव्यांच्या मदतीवाचून, लेण्यांतील अत्यल्प उजेडातच अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्याचे छिद्र दीर्घकाळ उघडे ठेवण्याचा धीर हेच त्यांचे मुख्य साधन. त्यापूर्वी गुलाम याझदानी यांनी हैदराबाद राज्यातर्फे १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांचे चार मोठे खंड सिद्ध केले होते. गिल यांच्या ओल्या काचेला जे दिसले नव्हते ते अशा रीतीने हळूहळू कागदावर आले, आणि त्यासाठी भिंतींवर नवे रोगण लावावे लागले नाही.

चित्रांचे असे, मूर्तींचे निराळे. मूर्ती उठून दिसते ती सावलीमुळे. उजेड समोरून पडला तर दगडातील नाक, ओठ, वस्त्राच्या चुण्या सपाट होऊन जातात. तो बाजूने आला की प्रत्येक उंचवटा आपली सावली घेऊन पुढे येतो. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सुमारे ७ मीटर लांबीची मूर्ती आहे. उजव्या कुशीवर पहुडलेल्या त्या शांत मुखाचेच छायाचित्र बहुतेक जण काढतात. परंतु मंचकाखाली शोकाकुल शिष्यांच्या लहान लहान आकृती कोरल्या आहेत. वरचा मुखावरील निश्चलपणा आणि खालचा शोक ही दोन्ही एका चौकटीत आली नाहीत तर शिल्पकाराने सांगितलेले निम्मेच आपण घरी नेले असे होईल. अशा वेळी दोन पावले मागे सरावे.

वास्तू कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे छायाचित्रकाराने आधी पाहावे. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम उतारावर आहेत आणि कैलास मंदिरही पश्चिमाभिमुख आहे. म्हणून तेथे दुपार कलल्यावर ऊन समोर येते. सकाळी लवकर धापा टाकीत जाणाऱ्याला सावलीच मिळते. कार्ल्याचे चैत्यगृहही पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्याच्या दर्शनी भागावरील भल्यामोठ्या कमानदार गवाक्षातून आलेला उजेड आतल्या स्तूपावर पडतो आणि बाजूच्या खांबांच्या ओळी अंधूक राहतात. ही योजना कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवलेली आहे. आपण फक्त मधोमध उभे राहावयाचे. घारापुरीच्या लेण्यातील त्रिमुख सदाशिवाचे आणखी नवल आहे. ती मूर्ती दक्षिणेकडील भिंतीत असून तिचे तोंड उत्तरेला आहे, म्हणून तिच्यावर थेट ऊन येत नाही. पूर्वेकडील व पश्चिमेकडील मोकळ्या चौकांतून बाजूचा उजेड मात्र झिरपत येतो, आणि दिवस चढेल तसा तीन मुखांवरील छायाप्रकाशाचा खेळ बदलत जातो. तेथे तासभर बसून तीन वेळा एकच छायाचित्र काढावे आणि घरी येऊन ताडून पाहावे.

कैलास मंदिर समोरून कोणीही पाहतो. पण बाजूच्या डोंगरावर चढून वरून पाहिले म्हणजे, हे मंदिर बांधलेले नसून कातळात सुमारे ३२ मीटर खोल उतरत वरून खाली कोरीत आणले आहे, ही गोष्ट एका दृष्टिक्षेपात पटते. हे विधान पानभर लिहूनही जे समजत नाही ते एका छायाचित्राने समजते. मात्र चौकातील एखादा मनुष्य त्यात आला पाहिजे. त्याच्यावाचून मंदिर केवढे आहे ते कळत नाही. माणसे चौकटीत नकोत म्हणून तासन्‌तास खोळंबणारे मी पाहिले आहेत. त्यांचा हट्ट मला तितकासा पटत नाही.

संग्रहालयात गेलात तर तेथे काच ही मुख्य अडचण. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचेच उदाहरण घ्या. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभे केले. त्यात अडकित्ते, दिवे, दौती, वज्री अशा घरगुती वस्तूंचे अपूर्व भांडार आहे. अशा ठिकाणी छायाचित्रास परवानगी आहे की नाही हे प्रथम दाराशी विचारावे. प्रत्येक संग्रहालयाचा नियम निराळा असतो. परवानगी असली तर भिंग काचेच्या अगदी जवळ न्यावे, काचेवर दाबू मात्र नये. काचेत दिसणारे आपले प्रतिबिंब बहुधा आपल्या पांढऱ्या सदऱ्याचे असते. एखाद्या मित्राला गडद रंगाची शाल घेऊन मागे उभे केले की ते नाहीसे होते. आणि वस्तूशेजारी जी नावाची पाटी असते तिचेही एक छायाचित्र घ्यावे. महिन्याभराने पाहू लागल्यावर एक अडकित्ता दुसऱ्यासारखाच दिसतो आणि कोणता कोठचा हे आठवत नाही.

आमच्या वर्गातील त्या सातव्या छायाचित्राची मी एक मोठी प्रत काढून घेतली. तिच्या मागे त्या मुलीकडूनच लिहून घेतले : लेणे क्रमांक १, पद्मपाणी, तारीख, वेळ आणि ते काढताना ती कोठे उभी होती ते. तिला प्रथम हे लिहिण्याचे कारण कळेना. तेव्हा ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथातील एका नकलेची प्रतिकृती मी तिला दाखविली. नकलेत भिंतीवर जे रंग शाबूत होते त्यांतले काही आज पोपडे उडून गेले आहेत. नकलेची मूळ भिंत कोणती, ती कोणत्या काळी उतरविली, हे नोंदलेले होते म्हणूनच हा फरक आपल्याला समजतो. मग ती पुन्हा जागेवर जाऊन बसली, आणि थोड्या वेळाने आपल्या उरलेल्या दहा छायाचित्रांच्या मागेही आठवून आठवून वेळा लिहू लागली. दोन वेळा तिला आठवल्या नाहीत. त्या जागा तिने कोऱ्या सोडल्या.

ती अकरा छायाचित्रे आता शाळेच्या कपाटात आहेत. यंदाची सहल वेरूळला जावयाची आहे. मंगळवारी ती लेणी बंद असतात, तेव्हा आम्ही बुधवार ठरविला आहे; आणि कैलासाकडे दुपारी तीननंतर वळावयाचे, असे मुलांनीच सुचविले आहे.